उत्तर न आल्यामुळे बंद

पेंडल हिल, सिडनी
२ मार्च २०२५

शालू,

मोठ्या भावाने पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. मी तो दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला, म्हणून कागद वरून असा मळका दिसतोय. तुला आशीर्वाद देण्याची माझी लायकी नाही. का नाही, तेच सांगायला बसलोय. पण तू मला ओळखतेस. मी आधी इकडचं तिकडचं बोलणार.

आई मजेत आहे. वर्षभराचा व्हिसा मिळाला. स्टेशनजवळच्या दुकानात कोवळी गवार मिळाली की तिचा दिवस सार्थकी लागतो. मयूराशी तिचं छान जमलंय, म्हणजे सासू-सून मिळून मला बोलतात. ऋतिका बारा वर्षांची झाली. आजी मराठीत विचारते, नात इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींनाही वाटतं की समोरचीला सगळं कळलं. इकडे अजून उकडतंय.

पुरे झालं. तेरा महिने तू माझ्याशी बोललेली नाहीस. व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंस, ईमेलला उत्तर देत नाहीस. तुझ्या त्या पोलंडमधल्या, लुब्लिनच्या दवाखान्याचा पत्ता मी आईच्या फोनमधून चोरून घेतला. कागदाला ब्लॉक करता येत नाही, फार तर फाडता येतो. फाडायचा असेल तर निदान पाकीट उघडून फाड.

आई सांगते की तू तिथे पिंजरे धुतेस, ऑपरेशन झालेल्या कुत्र्यामांजरांजवळ बसून राहतेस, आणि युक्रेनला परत जायचं नावही काढत नाहीस. नाव काढत नाहीस हे खोटं आहे. तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा जनावरं सोडवणाऱ्या तुमच्या टीमने नको म्हटलं. मी अजून टीमच्या ग्रुपवर आहे, सगळं वाचतो. गोळे पडत असताना गल्लीतल्या भटक्या जनावरांना खायला घालणं, त्यांच्या पट्ट्या करणं, माणसं पळून गेल्यावर मागे राहिलेली बंद दारं उघडणं, हे तुझ्याइतकं चांगलं तिथे कुणी करत नव्हतं. पण आता तुझं नाव निघालं की कुणीतरी विचारतं, "ती तळघरवाली ना?" खारकीव्हच्या एका तळघरात नऊ कुत्री कोंडलेली राहिली, त्यांच्यासाठी आलेली विनंती तुझ्या यादीत होती आणि तू ती विसरलीस, असं सगळे समजतात. तूही तसंच समजत असशील.

शालू, तू विसरली नव्हतीस.

एवढं एक वाक्य लिहायला मला तेरा महिने लागले. पुढचं आज हातून उतरत नाही. मला स्वतःची लाज वाटते, आणि ती शनिवार-रविवार जास्त वाटते, कारण बाकीचे पाच दिवस ऑफिस असतं.

हृषी


१५ मार्च २०२५

शालू,

पहिलं पत्र अजून वाटेतच असेल. तुझ्या उत्तराची वाट बघत बसलो तर माझा धीर जाईल, म्हणून लगेच दुसरं.

तुला आठवत असेल, दीड वर्षापूर्वी तू मला फोन केला होतास. "दादा, आमच्या यादीचा नुसता उकिरडा झालाय. तू ऑफिसात हेच करतोस ना? बघ ना जरा." मला इतका आनंद झाला होता! बाबा गेल्यापासून तू माझ्याकडे काही मागितलंच नव्हतंस. तू तिकडे हेल्मेट घालून फिरणार आणि मी इथे हिरवळ कापणार, याची मला मनातून टोचणी होती. आता माझाही हात लागणार होता.

मी ऑफिसात काय करतो ते तुला कधी नीट सांगितलं नाही. कुणाचा प्रिंटर चालत नाही, कुणी पासवर्ड विसरला, की त्याचं एक तिकीट निघतं. आम्ही उपाय सांगतो आणि विचारतो, "आता चालतंय का?" तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर तिकीट आपोआप बंद. सगळीकडे असंच असतं. अठरा वर्षं मी हेच शिकलो की माणूस गप्प झाला म्हणजे त्याचं काम झालं.

तुमच्याकडे माणसं फॉर्म भरायची. कुठली इमारत, कितवा मजला, मांजर की कुत्रा, किल्ली कुणाकडे. यादी चौदाशेच्या वर गेली होती. तुम्ही ओरडत होतात की फोनवर ती उघडतच नाही, आणि त्यातल्या निम्म्या विनंत्या जुन्या. वॉर्सातून टीम चालवणारी डोरोता म्हणाली, "हृषी, काहीतरी कर." डिसेंबरात एका संध्याकाळी ऑफिसातून परत येताना, ट्रेनमध्ये बसून, वीस मिनिटांत मी केलं. विनंती आली की त्या माणसाला आपोआप प्रश्न जाणार, किल्ली कुठे आहे ते कळवा. बहात्तर तासांत उत्तर नाही, तर विनंती बंद, आणि तुमच्या फोनमधून गायब. मी कुणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही.

आठवड्याभरात चौदाशेची यादी तीनशेवर आली. डोरोताने ग्रुपवर टाळ्या पाठवल्या. तू लिहिलंस, "माझा दादा आहे तो!"

मग संक्रांतीच्या कार्यक्रमात इथल्या मराठी मंडळाने माझा सत्कार केला. पॅरामॅटाजवळचा हॉल, दीडशे माणसं, शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रावर छापलं होतं, 'घरबसल्या युद्धभूमीवर सेवा'. मी भाषणात म्हणालो की प्रत्येक जीव मोलाचा आहे. लोक तिळगूळ खात खात टाळ्या वाजवत होते. तो शनिवार होता, तेरा जानेवारी. हालिनाबाईंची विनंती आदल्या दिवशी बंद झाली होती.

हालिनाबाई कोण ते मला तेव्हा माहीतही नव्हतं. ट्रामवरची निवृत्त कंडक्टर. गल्लीतली भटकी कुत्री ती इमारतीच्या तळघरात घेऊन बसायची. नऊ जानेवारीला तिचा पाय मोडला. बाहेर गोळे पडत होते म्हणून तिने कुत्र्यांना आतच ठेवलं, होतं नव्हतं ते खाणं ओतलं आणि ॲम्ब्युलन्सवाल्याला दाराला कुलूप लावायला लावलं. ॲम्ब्युलन्समधूनच तिने आपला फॉर्म भरला. पत्ता बरोबर, कुत्र्यांची संख्या बरोबर. त्यानंतर तिचा फोन हरवला आणि ती हॉस्पिटलात पडून राहिली. किल्लीबद्दलचा माझा प्रश्न तिला गेला. तीन दिवस तिचं उत्तर आलं नाही.

त्या आठवड्यात तू रोज त्याच गल्लीच्या टोकाला भटक्या कुत्र्यांना खायला घालत होतीस. तुझेच फोटो आहेत ग्रुपवर. तिथून ते तळघर चालत पाच मिनिटांवर. पण तुझ्या फोनमध्ये ती विनंती नव्हती, कारण मी ती बंद केली होती. बरेच दिवस मी मनाशी म्हणायचो की सिस्टिमने बंद केली. पण ती सिस्टिम केली कुणी?

आता तू म्हणशील, चूक झाली दादा, चूक कुणाचीही होते. थांब, एवढ्यात म्हणू नकोस. अजून सांगून झालेलं नाही.

हृषी


३० मार्च २०२५

शालू,

तीन फेब्रुवारीला तू ते दार उघडलंस. आत काय होतं ते तू मला फोनवर सांगत होतीस आणि मी नुसता "हो, हो" म्हणत होतो, त्यामुळे ते लिहायचा मला हक्क नाही. नऊपैकी एक जिवंत होती, पाइपातून गळणारं पाणी चाटून राहिलेली तांबडी कुत्री. तिला तू कोटात गुंडाळून घेतलं होतंस. हालिनाबाईंना नवा फोन मिळाला, त्यांनी टीमला फोन केला, म्हणून तर तुम्हाला कळलं. तू मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होतीस. "दादा, ही मला दिसली कशी नाही? मी रोज बघते यादी. रोज बघते रे." मी म्हटलं, बघून सांगतो.

इथे शनिवारची संध्याकाळ होती. मागच्या अंगणात बार्बेक्यू चालला होता, शेजारी आले होते. मी आत येऊन लॅपटॉप उघडला. पाच मिनिटांत सापडलं. 'उत्तर न आल्यामुळे बंद.' तारीख, वेळ, आणि नियम करणाऱ्याचं नाव. माझं.

त्याच वेळी तुला फोन केला असता तर आज ही पत्रं लिहावी लागली नसती. मी काय केलं ते सांगतो. आधी नियम काढून टाकला. मग बंद झालेल्या बाकीच्या विनंत्या गुपचूप पुन्हा उघडल्या. त्यांतल्या काही ठिकाणी तुम्ही वेळेत पोचलात, काही ठिकाणी उशीर झाला होता, आणि तो उशीर युद्धामुळे झाला असं सगळ्यांनी धरलं. मग मी हालिनाबाईंच्या विनंतीवर आलो. तिथलं 'बंद' पुसलं आणि लिहिलं, 'सोपवली: शाल्मली, १० जानेवारी'.

तुझं नाव मी टाइप केलं, शालू. या हातांनी. जुनी नोंद लॉगमध्ये तशीच राहते, पण लॉग बघू शकणारा टीममध्ये मी एकटाच होतो.

मग बाहेर गेलो आणि सॉसेज उलटले.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. डोरोताने विचारलं, ही विनंती कुणाकडे होती? मी नुसता स्क्रीन दाखवला. तू तुझ्या चौकटीत लोकरीची टोपी घालून बसली होतीस, थंडीने गाल फुटलेले. तू पुढे वाकून ते वाचलंस. मग म्हणालीस, "असेल. माझ्याकडूनच राहिलं असेल. फार दमले होते मी." आणि मी काय म्हणालो? "इट्स ओके शालू, हॅपन्स टू एव्हरीवन." सगळ्यांसमोर मनाचा मोठेपणा दाखवून मी तुला माफ केलं!

सहा तारखेला तू मला ब्लॉक केलंस. मला वाटलं तू खचलीस, तुला कुणाशीच बोलायचं नसेल. खरं सांगू? मला हायसं वाटलं. तू बोलणार नाहीस म्हणजे विचारणारही नाहीस.

असं का केलं, याचं उत्तर मी वर्षभर शोधतोय, आणि प्रत्येक वेळी ते आणखी बारकं निघतं. माझी नोकरी जाणार नव्हती. पोलीस येणार नव्हते. फक्त हॉलमध्ये मानपत्र टांगून तीन आठवडे झाले होते आणि आईने त्याचा फोटो चिंचवडपासून चिपळूणपर्यंत सगळ्यांना पाठवला होता. ते उतरवावं लागलं असतं. तेवढ्यासाठी मी तुझं नाव दिलं.

हृषी


१३ एप्रिल २०२५

शालू,

काल दुपारी आईला सांगितलं. त्याआधी मयूराला सांगितलं होतं. ती आठवडाभर माझ्याशी फक्त भाजी आणायची का, ऋतिकाला स्विमिंगला कोण सोडणार, एवढंच बोलली. ते मला योग्यच वाटलं.

आई टेबलाशी गवार मोडत बसली होती. म्हटलं, "शालूबद्दल बोलायचंय."

"आता काय सोडून आली ती?"

बघ, तुझ्याबद्दल ती अशी बोलते आणि मी ऐकून घेतो. सांगायला सुरुवात केली. तिकीट म्हणजे काय, लॉग म्हणजे काय, हे समजावता समजावता मी दोनदा भरकटलो, तेव्हा तिने हात वर केला. "ते कॉम्प्युटरचं राहू दे. तिचं नाव तू घातलंस?"

"हो."

"आपोआप नाही पडलं?"

"नाही. मी घातलं."

ती गवार मोडत राहिली. मग म्हणाली, "आणि मी पोरीला फोनवर काय काय बोलले. एक काम धड जमत नाही तुला, भावाकडे बघ जरा, म्हटलं."

"माहीत आहे. मी शेजारीच असायचो."

"शेजारी बसून ऐकत होतास?" तिचा असा आवाज मी बाबा गेले तेव्हाही ऐकला नव्हता. ती उठली, स्टुलावर चढली, मी धरायला गेलो तर मला बाजूला केलं. मानपत्र भिंतीवरून काढून माझ्यापुढे पालथं ठेवलं, आणि तुझा नंबर लावत मागच्या अंगणात गेली. चाळीस मिनिटं. कपडे वाळत घालायच्या तारेखाली उभी राहून ती पदराने डोळे पुसत होती आणि मी खिडकीतून चोरासारखा बघत होतो.

आत आल्यावर विचारलं, "काय म्हणाली?"

"तुला सांगायला सांगितलेलं नाही."

मग भाजीला फोडणी घालताना आपणहूनच बोलली. "तिला नवल नाही रे वाटलं. मी रडतेय आणि ती मलाच समजावतेय. नुसतं म्हणाली, सांगितलं का त्याने? बरं."

हे मला कळलं नाही. तू रागावशील, शिव्या देशील, निदान फोन आपटशील असं मी धरून चाललो होतो. त्याची मी तयारी केली होती. 'बरं'ची केली नव्हती.

आज सकाळी मानपत्र परत करायला पद्माकर काकांकडे गेलो. ते आमच्या मंडळाचे अध्यक्ष, रेल्वेतून रिटायर झालेले, हॅरिस पार्कला राहतात. मला बघून म्हणाले, "मानपत्र परत? हा काय मायक्रोवेव्ह आहे, वॉरंटीत परत करायला?" मी सगळं सांगितलं, काही न गाळता. त्यांनी चहा संपेपर्यंत ऐकलं.

"हे बघ हृषिकेश, वॉर आहे, मेट. तिकडे माणसं मरतायत. तू इथे बसून करून करून काय करणार? नो वरीज. उलट इतकं मनाला लावून घेतोस यातच तुझा मोठेपणा."

"काका, मी माझ्या बहिणीवर ढकललं."

"अरे, घरातल्या घरात होतं असं. असं कर, गणपतीला यावर दहा मिनिटं बोल. अपयशातून शिकणं वगैरे. लोकांना आवडेल."

मला ओरडावंसं वाटलं. मानपत्र त्यांच्या सोफ्यावर ठेवलं आणि निघालो. गाडी सुरू करतोय तोवर काकू पिशवी घेऊन धावत आल्या. पिशवीत मानपत्र आणि वर चकल्यांचा डबा. चकल्या मी गाडीतच खाल्ल्या, शालू. सगळं सांगायचं ठरवलंय तर तेही सांगतो.

मानपत्र घराजवळच्या पिवळ्या झाकणाच्या, रद्दीच्या डब्यात टाकलं, फ्रेम वेगळी करून.

हृषी


२७ एप्रिल २०२५

शालू,

आज मूळ लॉग डोरोताला पाठवला आणि त्याच वेळी ग्रुपवरही टाकला, एकशे चाळीस माणसांसमोर. तू तो ग्रुप सोडलेला आहेस, म्हणून सोबत त्याची छापील प्रत ठेवली आहे.

बरोबर जे लिहायचं ते आधी मयूराला वाचायला दिलं. तिने तीन ठिकाणी पेनाने गोल केले. 'प्रोसेसमधली त्रुटी', 'कम्युनिकेशन गॅप', 'दुर्दैवाने'. म्हणाली, "हे तिघे कोण? यांनी घातलं का शालूचं नाव?" तिन्ही काढले. मग उरलं ते चारच ओळींचं. नियम मी केला. विनंती त्या नियमाने बंद झाली. शाल्मलीला ती कधी दिसलीच नाही. तिचं नाव मी नंतर घातलं.

प्रिंटरमधून कागद निघत होते तेव्हा ऋतिका तिथे आली. हालिनाबाईंना आपोआप गेलेला शेवटचा ईमेल तिने उचलून वाचला. तोही सोबत आहे, युक्रेनियनमध्ये आणि खाली माझा मूळ मजकूर. 'तुमच्याकडून उत्तर न आल्यामुळे आम्ही तुमची विनंती बंद करत आहोत. पुन्हा गरज भासल्यास नवी विनंती नोंदवा. तुमचा दिवस छान जावो. हृषिकेश, सपोर्ट टीम.'

"डॅड, व्हाय डज इट से हॅव अ ग्रेट डे?"

"ऑफिसच्या मजकुरातून तसंच उचललं, बाळा. बदलायचं सुचलं नाही."

"बट हर डॉग्ज वेअर लॉक्ड इन."

"आय नो."

"डिड शी रीड इट?"

हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. जिने उत्तर दिलं नाही तिने वाचलंही नसेल, अशीच माझी समजूत होती. मग मी बसलो आणि भाषांतराच्या ॲपवर हालिनाबाईंना लिहिलं. मी कोण, मी काय केलं, आणि जिच्यावर ठपका आला ती मुलगी निर्दोष आहे, एवढंच. शेवटी 'आपला' लिहू की नको यावर दहा मिनिटं घालवली आणि नुसतं नाव लिहिलं.

डोरोताचं उत्तर तासाभरात आलं. "तुझा ॲक्सेस बंद केला आहे. शाल्मलीशी मी स्वतः बोलेन. तुझ्याशी आत्ता बोलू शकत नाही." मग ग्रुपवर टीमची गाडी चालवणाऱ्या त्या उंच बाईने लिहिलं, "गेल्या वर्षी मार्चमध्ये ती बॅग घेऊन गाडीत बसली होती. मी तिला उतरायला लावलं." दुसऱ्या कुणी काही लिहायच्या आत मला ग्रुपमधून काढण्यात आलं.

तू गाडीतून उतरलीस हे मला माहीत नव्हतं.

हृषी


१८ मे २०२५

शालू,

डोरोताने मला दोन ओळींत कळवलं की जूनमध्ये गाडी खारकीव्हला जाते आहे आणि तिच्यात तुझी जागा आहे. जायचं की नाही ते तू ठरवणार. मी जा असंही म्हणत नाही आणि नको असंही. ते म्हणणारा मी कोण?

मी लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. परवा हालिनाबाईंचं उत्तर आलं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि जिन्यात जाऊन बसलो. ॲपने केलेलं भाषांतर आहे, थोडं सरळ करून मराठीत देतो.

"तुमचं पत्र मिळालं. मी आता पोल्ताव्हात बहिणीकडे राहते. तांबडी माझ्याजवळ आहे, जाड झाली आहे. तुम्ही लिहिलंत ते मला ठाऊक होतं. तुमची बहीण सहा फेब्रुवारीला हॉस्पिटलात आली. माझ्या पलंगापाशी गुडघ्यांवर बसून रडत होती, मी विसरले म्हणत होती. मी तिला नव्या फोनवर दिसलेला तो ईमेल दाखवला, कारण मला त्याचा अर्थ लागत नव्हता. मी विचारलं, दिवस छान जावो म्हणणारा हा कोण माणूस आहे? तिने वाचला. पुन्हा वाचला. मग उठून खुर्चीवर बसली. म्हणाली, हा माझा भाऊ. मी म्हटलं, हे सगळ्यांना दाखव, तुझं नाव मोकळं होईल. ती नाही म्हणाली. ती म्हणाली, तो वाईट नाही, तो स्वतः सांगेल. कुत्री कशी आहे विचारायला ती मला दर महिन्याला फोन करते. मी दर वेळी विचारते, सांगितलं का भावाने? ती म्हणते, अजून नाही. एप्रिलच्या सुरुवातीलाही तिने हेच सांगितलं. या महिन्यात तिचा फोन अजून आलेला नाही."

सहा फेब्रुवारी. तू मला ब्लॉक केलंस तो दिवस. तू खचून नव्हतं केलंस, कळल्यावर केलंस. आणि मी दोन महिने तुला ऐटीत पत्रं लिहितोय, 'शालू, तू विसरली नव्हतीस', जणू काही मी तुला बातमीच देतोय!

तुझ्याकडे तो ईमेल होता. एकदा ग्रुपवर टाकला असतास तर दोन मिनिटांत सगळं संपलं असतं. आई तुला टाकून बोलली तेव्हा टाकता आला असता. बॅग घेऊन गाडीतून उतरलीस तेव्हा रस्त्यात उभं राहून टाकता आला असता. तू लुब्लिनला गेलीस आणि पिंजरे धुवत राहिलीस, कारण दादा सांगेल असं तू एका म्हातारीला सांगून बसली होतीस. पोरी, असं कुणी करतं का? माझ्यावर एवढा भरवसा ठेवावा असं मी तुझ्यासाठी कधी काय केलं होतं?

जिन्यात मी रडलो. आमच्या डेस्कवरचा एकजण खाली उतरत होता, म्हणाला, "यू राइट, मेट?" मी नेहमीसारखं "ऑल गुड" म्हणालो आणि मग त्याला थांबवून म्हटलं, "नो. नॉट रिअली." तो बिचारा घाबरला, पण बसला शेजारी. त्यालाही सांगितलं. आता मी विचारणाऱ्या सगळ्यांना सांगतो.

माफी मागत नाही. तू चौदा महिने माझी वाट बघितलीस, त्यानंतर मी कुठल्या तोंडाने काही मागू? एकच काम आहे, ते मला करता येत नाही, तुलाच करावं लागेल. हालिनाबाईंना फोन कर. त्या विचारतील. या वेळी हो म्हणून सांग त्यांना. फार उशिरा सांगितलं, तेही सांग.

हृषी